उसवलेल्या अकरा ओळी

मंगळवार, ९ सप्टेंबर

सरावलीला जाऊन आले. करून घ्यायचे होते ते काम झाले नाहीच. उलट एक काम गळ्यात पडता पडता वाचले.

आईची सहा लुगडी तिच्या माघारी ट्रंकेत पडून आहेत. त्यांची गोधडी शिवून घ्यावी, असे वर्षश्राद्धापासून मनात होते. बोईसरच्या बाजारात मी जिच्याकडून शिराळी आणि काकड्या घेते ती भागी गिऱ्हाईक नसले की मांडीवर कापड घेऊन टाके घालत बसते. तिनेच सरावलीच्या गोजराबाईंचा पत्ता दिला. "आमी सगल्या तिकडंच बसतो, दुपारचं," म्हणाली.

गोजराबाई मूळच्या आष्टीकडच्या. नवऱ्याच्या कारखान्यातल्या नोकरीपायी तीस वर्षांपूर्वी इकडे आल्या. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी, पडवीत पसरलेली अर्धवट गोधडी आणि तिच्या तीन कडांना तीन बायका: गोजराबाई, भागी आणि मुरबे गावची एक मासेविक्रेती, चिमी. मी माप लिहिलेला कागद पुढे केला. लांबी सात फूट, रुंदी पाच फूट, टाका तीन मिलिमीटरचा. गोजराबाईंनी तो हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि न वाचताच मांडीखाली सारला. निरक्षर असाव्यात.

"आमी शिवून देत न्हाई, म्याडम. हितं जी बसती तिचीच गोधडी शिवतो. पाळीपाळीनं. बसा."

"मला शिवायची नाही. शिवून हवी आहे."

"मंग ते दुकानात मिळतंय." आणि त्या पुन्हा सुईकडे वळल्या.

सध्या पाळी भागीची आहे. तिचे कुटुंब मनोरकडच्या एका पाड्यावर डोंगरउतारावरचा भात पिकवते आणि दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाते ते थेट पावसाळ्याच्या तोंडाशी परतते. गेल्या वर्षी ठिणगी उडून तिची गोधडी जळाली आणि धाकटी पोर पौषभर खोकत राहिली. भट्टीवरच्या झोपड्या गवताच्या. तेव्हा ही गोधडी निघायच्या आत पुरी व्हायलाच हवी, असे तिघींचे ठरले आहे. त्यानंतरची पाळी माझी. अर्थात मी बसले तर.

निघताना चिमीने अडवले. "डाक्टर हाव ना तुमी? माजा गुडगा बघा जरा."

"मी रसायनशास्त्राची डॉक्टर आहे."

"म्हंजे गुडग्याच्या नाय?"

"नाही. औषधाच्या गोळ्या नीट झाल्या आहेत की नाहीत ते मी तपासत असे."

"मंग एक गोली तरी द्या!" भागी म्हणाली आणि तिघी मोठ्याने हसल्या.

परत जाण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. नोंद असावी म्हणून लिहिले.

गुरुवार, ११ सप्टेंबर

बसले.

बैठक मंगळवार, गुरुवार आणि शनिवार, दुपारी दोन ते पाच. कामाची पद्धत अशी: जुन्या कापडांचे थर एकावर एक अंथरायचे, वर-खाली धडके लुगडे घालायचे आणि बाहेरच्या कडेपासून धावदोरा घालत आत आत यायचे. एक ओळ चारी बाजूंनी फिरून आली की तिच्यापासून बोटभर आत दुसरी. प्रत्येकीची एक बाजू ठरलेली. मला दक्षिणेची कड मिळाली. माझ्या डावीकडे, पूर्वेला, गोजराबाई.

सव्वीस वर्षे मी गुणवत्ता तपासणीची प्रमुख होते. माझ्या सहीशिवाय कारखान्याच्या दाराबाहेर एक गोळी गेली नाही. साहजिकच मोजले. माझा टाका तीन मिलिमीटरचा, भागीचा सात, चिमीचा मनाला येईल तेवढा. गोजराबाईंनी माझ्या ओळीवरून बोट फिरवले आणि म्हणाल्या, "लई घट वडता तुमी. कापडाला दम घिऊ द्या."

त्यांचा स्वतःचा कारभार मात्र पाहण्यासारखा. सुईत दोरा स्वतः ओवत नाहीत. चिमी दहा-दहा सुया ओवून त्यांच्यापुढे टोचून ठेवते. मुकादमीची सवय, दुसरे काय?

शनिवार, २० सप्टेंबर

दोष कुठे आहे ते सापडले. बाराव्या ओळीपर्यंत गोधडी जवळजवळ निर्दोष आहे. तेराव्या ओळीला पूर्वेच्या कडेवर फुगवटा येतो. चौदावी त्या फुगवट्याला समांतर जाते आणि पंधरावी चौदावीला. एकीची चूक दुरुस्त करण्याऐवजी बाकीच्या तिच्या मागोमाग वाकड्या जातात! पुढे तीन-चार ओळींत वाक हळूहळू कमी करत आणतात, तोवर पूर्वेला नवा फुगवटा तयार असतो. पद्धतशीर निष्काळजीपणाचा इतका सुबक नमुना मी प्रयोगशाळेतही पाहिला नव्हता.

मी स्पष्टच विचारले, "ही ओळ उसवून सरळ का घालत नाही?"

चिमीने भागीकडे पाहिले. भागी खाली मान घालून म्हणाली, "ऱ्हावं द्या ना. अंगावर घेतल्यावर कोन बघतं?"

थोड्या वेळाने गोजराबाईंनी हिरव्या दोऱ्याचे रीळ उचलून "ह्यो निळा घिऊ का गं?" असे विचारले. चिमी म्हणाली, "घ्या, त्योच." मी हिरवा आहे हे सांगणार होते, पण साठीच्या बाईच्या हट्टापुढे दोघींनी मान तुकवायची ठरवली असेल तर मी कोण?

मंगळवार, ३० सप्टेंबर

आज दोनला वीस मिनिटे असताना पोचले. माझे घड्याळ पुढे असावे.

चिमीने डब्यातून बोंबलाची चटणी आणली होती, खास माझ्यासाठी. मी शाकाहारी आहे हे सांगायला हवे होते. सांगितले नाही. डबा घरी आणून इमारतीच्या पहारेकऱ्याला, विश्रामला, दिला आणि चव कशी लागली ते नीट विचारून घेतले, म्हणजे गुरुवारी उत्तर देता येईल. गुरुवारी दसरा आहे, म्हणजे बैठक शनिवारी. चार दिवस.

निवृत्तीला पाच महिने झाले. प्रयोगशाळेतून फोन एकदाच आला, कपाटाची किल्ली कुठे आहे ते विचारायला.

शनिवार, ४ ऑक्टोबर

भागीचा दिवाळीपूर्वीचा शेवटचा दिवस. उद्यापासून तिची भातकापणी. पोरीला घेऊन आली होती. दीपाली, अडीच वर्षांची. मुलगी सरळ माझ्या मांडीत येऊन बसली आणि माझ्या चष्म्याच्या दोरीशी खेळू लागली. मला मुलांची सवय नाही. त्या अर्ध्या तासात माझी एक ओळही पुढे सरकली नाही.

"भट्टीची गाडी कवा येतीय?" गोजराबाईंनी विचारले.

"मुकादम म्हनला, कार्तिकीच्या मागून. दहा तारखेला नोव्हेंबरच्या. पन पुरी व्हईल का वं?" भागीने गोधडीच्या मधल्या मोकळ्या भागाकडे पाहिले. "यंदा ही खोकली तर मी काय करू तिकडं? डाक्टर नाय, काय नाय."

"होईल," मी म्हणाले. "मी सांगते ना."

का म्हणाले ते माहीत नाही. पण माझा शब्द म्हणजे माझी सही.

शनिवार, १८ ऑक्टोबर

सव्वीस ओळी झाल्या आहेत. मध्ये हातभर रुंदीचा पट्टा उरला आहे, म्हणजे आणखी बारा ओळी. दिवाळीत गोजराबाईंकडे गावाहून पाहुणे आणि चिमीला बाजारातून उसंत नाही. गोधडी घरी नेऊन मी पुरी करते, असे सुचवले.

गोजराबाईंनी सुई काढून ठेवली. मग गोधडीची घडी घातली, हाताने थोपटली आणि माझ्या हातात दिली. "न्या. पर घाई करू नका. आन् लई घट वडू नका."

घरातले लोक भरवशाच्या माणसाला किल्ली देतात तशी ती त्यांनी दिली, असे मला वाटले. कदाचित मला तसे वाटायला हवे होते.

रविवार, १९ ऑक्टोबर

जेवणाच्या मेजावर, खिडकीच्या स्वच्छ उजेडात पसरली. पडवीतल्या अंधुक उजेडात लक्षात न आलेले सगळे दिसले. शेवटच्या अकरा ओळींत पूर्वेचा फुगवटा चार बोटांवर गेला आहे. त्याच्या आत माझ्या सरळ ओळी घातल्या तर सगळी गोधडी जत्रेतल्या आरशातल्यासारखी दिसेल. अशा वस्तूवर मी सही केली नसती.

हिशेब मांडला. अकरा उसवायच्या आणि बारा उरलेल्या, एकूण तेवीस. दिवसाला दोन. एकतीस तारखेला काम पुरे. भागी जाणार दहाला. दहा दिवस हाताशी राहतात.

एक वाजता पहिली ओळ कापली. पाच वाजता अकरावी.

मंगळवार, २१ ऑक्टोबर. लक्ष्मीपूजन

थर सरकले.

हे मला आधी कळायला हवे होते. आत अंथरलेली कापडे जुनी, मऊ, वेगवेगळ्या विणीची. त्यांना जागच्या जागी धरून ठेवले होते ते त्याच वाकड्या ओळींनी. त्या निघताच आतले धोतर एका बाजूला गोळा झाले आणि दुसऱ्या बाजूला नुसती दोन लुगडी उरली. हात घालून सारखे करायला गेले तर धोतर फाटले.

एक ओळ घालून झाली. नऊ तास लागले.

गुरुवार, २३ ऑक्टोबर. भाऊबीज

आणखी एक ओळ. वरचे लुगडे टाक्याटाक्याला आखडते. सैल घातला तर ओळ हलते; घट्ट घातला तर जुने कापड सुईच्या भोकातून चिरते. एका जागी तीन बोटे लांबीची चीर गेली. खालून ठिगळ लावले. ठिगळ चौकोनी आणि काटेकोर आहे.

चिमीचा फोन आला. "कंचा भाऊ आला काय तुमच्याकडं?" मी म्हणाले, मला भाऊ नाही. "मंग आमच्याकडं यायचं होतं! माजे चार हायत, एक दिला असता!" मग विचारले, "गोधडी?"

"छान चालली आहे," मी म्हणाले.

खोटे बोलण्याला इतका कमी वेळ लागतो हे मला नवे होते.

सोमवार, २७ ऑक्टोबर

सायंकाळी पाच वाजता चिमीचा पुन्हा फोन. भट्टी यंदा लवकर लागते आहे. मुकादमाची गाडी शनिवारी, पहिल्या तारखेला, तांबडे फुटायच्या आत पाड्यावर येणार. भागीला कापणी आणि झोडणी आटोपून सामान बांधायचे आहे, ती बोईसरला येऊ शकत नाही. जिवल्या, म्हणजे तिचा नवरा, शुक्रवारी संध्याकाळी सरावलीहून गोधडी घेऊन जाईल.

"झालीच आसंल ना वं तुमची?"

पाच ओळी झाल्या आहेत. अठरा बाकी.

"शुक्रवारी दुपारी घेऊन येते," मी म्हणाले.

त्या क्षणी मी सांगू शकले असते. तीन बायका, चार दिवस. काम झाले असते. हे मी आत्ता, फोन ठेवल्यावर, पूर्ण जाणिवेने लिहीत आहे. सांगितले नाही, कारण सांगितले असते तर उसवल्याचेही सांगावे लागले असते, आणि माझ्या हातून झालेली वस्तू सदोष आहे हे वाक्य मी आजवर कोणालाही बोलून दाखवलेले नाही.

मंगळवार, २८ ऑक्टोबर

बैठकीला गेले नाही. दुपारी दोन ते पाच खिडकीत बसून शिवले. दोन वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला, पुन्हा अडीचला. उचलला नाही.

बुधवार, २९ ऑक्टोबर

एक ओळ. उजव्या हाताच्या तर्जनीला भोके पडली आहेत. लुगड्याला डाग लागू नयेत म्हणून पट्टी बांधली. पट्टीमुळे टाका चार मिलिमीटरचा होतो. उसवून पुन्हा घातला.

पुन्हा घातला! आज, हाताशी दोन दिवस उरले असताना! हे वाक्य मी तीन वेळा वाचले.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

दुपारचा एक. मी पोचले नाही, तेव्हा त्याच आल्या. दार उघडले तर चिमी पुढे आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून गोजराबाई. माझ्या घरी या दोघी पहिल्यांदाच येत होत्या. मी पाणीही विचारले नाही.

चिमीला मेजावरचा पसारा दिसला.

"ह्ये काय केलंव?"

गोजराबाई पुढे आल्या. दोन्ही तळवे गोधडीवर टेकवले आणि बोटांनी कडेपासून आत चालत आल्या. एक, दोन, तीन, ओठांतल्या ओठांत ओळी मोजत. पंधरावीनंतर बोटे थांबली. पुढे माझ्या बारीक टाक्यांवरून घसरली, आखडलेल्या कापडाच्या सुरकुत्यांवरून गेली, ठिगळाशी अडली.

"माझी बाजू कुठं हाय?"

"उसवली," मी म्हणाले. "वाकडी होती."

"वाकडीच व्हती!" चिमीचा आवाज चढला. "तिला दिसत नाय म्हनून वाकडी! आन् आमी तिच्या मागं मागं जात हुतो, बोटबोट सावरत. येडे होतो आमी? तुमाला येवडं शिकून येवडं नाय कललं?"

"चिमे, गप."

"नाय गप बसायची! भागीची पोरगी..."

"गप म्हनले ना." गोजराबाईंनी मेजाची कड धरून खुर्ची शोधली आणि बसल्या. मी तोवर तिथेच उभी होते. खुर्ची पुढे करण्याचे मला सुचले नव्हते. "तुमचा त्यो मापाचा कागद मी वाचला न्हाई, म्याडम. सातवी शिकल्याली हाय मी. वर्गात पैली यायचे. पर आता अक्षरं ऱ्हायली न्हाईत. काचबिंदू म्हनला डागदर. गेलं ते येत न्हाई. मधी थोडं ऊन ऊन दिसतं. लेकाला कळलं तर गावाकडं न्हिऊन घालील, म्हनून ह्या दोघी बोलत न्हाईत. तुमाला सांगायचं राहिलं. मला वाटलं, वळकलं आसंल तुमी. शिकल्याल्या."

त्या दोघींनी गोधडी गुंडाळली. मी म्हणाले, मीही येते. कोणी हो म्हणाले नाही, नको म्हणाले नाही. मी मागून निघाले.

पडवीत सगळी गोधडी उलगडली. माझ्या आठही ओळी काढाव्या लागल्या. त्या ठेवून थर सारखे होईनात. त्या मीच काढल्या. नंतर गोजराबाईंनी आतली कापडे हाताने चाचपून पुन्हा अंथरली, फाटक्या धोतराच्या जागी त्यांचे स्वतःचे जुने पातळ घातले. सहाला जिवल्या आला. तो दारातच उभा राहून पाहत होता.

"झाली नाय," चिमी म्हणाली.

"बरं," तो म्हणाला. मग, "भागीला काय सांगू?"

सगळ्या माझ्याकडे पाहतील असे वाटले. कोणीच पाहिले नाही. ते अधिक कठीण होते.

"मी उसवली असे सांगा," मी म्हणाले.

तो गेला.

शनिवार, १ नोव्हेंबर

पहाटे गाडी गेली असणार.

आठ वाजता सरावलीला गेले. माझ्या दक्षिणेच्या कडेवर बसले. कोणी उठवले नाही, कोणी बोललेही नाही. चिमी बाजारातला धंदा जावेवर टाकून आली होती; रात्री बसून दोघींनी आठ ओळी घातल्या होत्या. सात मिलिमीटरचा टाका घातला. दिवसभर गोजराबाई पूर्वेला आणि मी त्यांच्या मागोमाग. त्यांची ओळ जिकडे गेली तिकडे माझी. सुरुवातीला नजर दर टाक्याला मागे जाई. दुपारनंतर मागे पाहायला सवड राहिली नाही. चहा आला तेव्हा माझ्याही पुढ्यात कप ठेवलेला होता.

संध्याकाळी दैनंदिनी उघडून ९, ११, २० आणि ३० सप्टेंबर पुन्हा वाचले. कागद, दोरा, रीळ, तेरावी ओळ, सगळे टिपलेले आहे, तारखेनिशी. निरीक्षणे अचूक, निष्कर्ष चूक. असा अहवाल हाताखालच्या कोणी आणला असता तर त्याला मी दारातूनच परत पाठवले असते. पाठवलेही आहे, पुष्कळांना. त्यांच्यातल्या कोणाचा फोन येत नाही, ही कुरबूर मी ३० तारखेला लिहून ठेवली होती. आता ती खोडून टाकावीशी वाटते.

पाच ओळी राहिल्या. चिमीच्या दिराचा, गोमाचा, टेम्पो दर रविवारी सकाळी मासळी घेऊन वाडा गावाच्या बाजाराला जातो. भट्टी त्याच रस्त्यावर आहे.

"उद्याच्याला जाऊ," गोजराबाई म्हणाल्या. "राहिलेलं तितंच घालू."

"मी येऊ का?"

"यायलाच लागंल. दक्षिणंची बाजू कोन शिवंल?"

रविवार, २ नोव्हेंबर

टेम्पोत पुढे गोमा आणि गोजराबाई. मागे बर्फातल्या टोपल्यांमध्ये चिमी आणि मी, मांडीवर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली गोधडी. मनोरपर्यंत मी नाकाला रुमाल लावला होता.

"सोडा वं त्यो रुमाल," चिमी म्हणाली. शुक्रवारपासूनचे तिचे माझ्याशी हे पहिले वाक्य. "ताजी हाय मासली. आन् बोंबलाची चटनी तुमी खाल्ली नव्हती, त्ये म्हाईत हाय मना. इश्रामचा भाऊ माजा गिऱ्हाईक."

मी रुमाल खाली घेतला.

भट्टी नुकतीच लागत होती. गवताच्या सहा-सात झोपड्या, त्यांच्यापुढे ओल्या विटांच्या रांगा. भागी चिखलात कोपरापर्यंत हात घालून साचा भरत होती. आम्हाला पाहून उठली नाही. साच्यातली वीट जमिनीवर पाडली, साचा धुतला आणि मगच आली. तिने चिमीची विचारपूस केली, गोजराबाईंची केली. माझ्याकडे पाहिले नाही.

"दीपाली कशी आहे?" मी विचारले.

"राती थंडी पडली. माज्या अंगावर घेतली रातभर. ती नाय निजली, मी नाय निजले." मग वळून सरळ माझ्याकडे पाहत म्हणाली, "माजी गोधडी हुती ना ती?"

"हो."

"मंग मना विचारायचं हुतं. मी सांगितलं असतं. माजी हुती, मना वाकडी चालत हुती. तुमी कोन उसवनार?"

"माझे चुकले, भागी."

"चुकलं त्ये दिसलं. त्याचं आता काय करू मी? हितं रांधू?" चिमीला हसू आले, तिने ते पदरात दाबले. भागी हसली नाही. तिने हातपाय धुतले, झोपडीपुढची जागा झाडली आणि म्हणाली, "पसरा. मुकादम जेवाय गेलाय, तवर घालू."

चौघी चार कडांना बसलो. भागी उत्तरेला, थेट माझ्यासमोर. तिचे हात चिखलाने भेगाळलेले. दोरा त्यांत अडकत होता. पहिली ओळ फिरून आली, दुसरी आली. झोपडीतून दीपाली डोळे चोळत बाहेर आली, चौघींकडे पाहिले, गोधडीच्या मधोमध चालत गेली, पडली आणि झोपली. एक पाय पूर्वेकडे पसरलेला.

"उचल गं तिला," चिमी म्हणाली.

"राती नाय निजली ती," भागी म्हणाली. तिने पोरीकडे पाहिले, मग हातातल्या सुईकडे. "निजूं द्या. तिच्या भवती घाला."

तिसरी ओळ, चौथी ओळ. पूर्वेला गोजराबाईंच्या डाव्या हाताचे बोट सुईच्या पुढे पुढे चाचपत चालले होते. ते पोरीच्या टाचेला लागले. बोट थांबले, टाचेभोवती फिरले आणि ओळ त्याच्या मागून वळली, इतकी बाहेर की आधीच्या ओळीला टेकली. मी तिथवर पोचले तेव्हा माझी सुईही वळवली. जवळून मुलीचा श्वास ऐकू येत होता. घरघर नव्हती, मी दोनदा थांबून खात्री केली.

रस्त्यावरून गोमाने भोंगा वाजवला. मुकादम लांबून येताना दिसला. भागीने पोरीला अलगद उचलून खांद्यावर घेतले. ती निजली होती तिथे मधोमध पाचवी, शेवटची ओळ आम्ही तिघींनी भराभर घातली. पूर्वेला मात्र टाचेएवढी जागा बिनटाक्याची राहिली होती, कापड तिथे थोडे फुगलेले.

माझ्या सुईत दोरा होता. मी सुई त्या जागेकडे नेली.

भागीने भेगाळलेला हात माझ्या मनगटावर ठेवला.

"तेवढी ऱ्हावं द्या," ती म्हणाली. "ती तिची हाय."

मी दोरा तोडला. भागीने गोधडी झटकली आणि झोपडीत नेऊन पोरीच्या अंगावर घातली.